आक्काच्या वाट्याचं पाणी

"आक्का, हनुवटी छातीला टेकव बरं."

आक्का अंगणात बाजेवर बसली होती आणि माझ्या हातात एक छापील कागद होता. पाण्यातल्या फ्लोराइडनं माणसाची हाडं धरलीत का, हे ओळखायच्या तीन साध्या तपासण्या त्यावर चित्रांसकट दिल्या होत्या. आदल्याच आठवड्यात एका प्रशिक्षणात आम्हा संशोधक विद्यार्थ्यांना त्या शिकवल्या होत्या. पहिलं माणूस म्हणून मी माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीला समोर बसवलं.

तिनं मान खाली घालायचा प्रयत्न केला. हनुवटी थोडी उतरली आणि अडली. छातीपासून चांगली वीतभर लांब.

"आता दोन्ही हात डोक्याच्या मागं ने."

हात कानापर्यंत आले. पुढं जाईनात.

"आता उभी राहा. गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धर."

यावर ती हसायलाच लागली. "अगं बाई, गुडघे तं आधीच वाकलेले हायत. ते सरळ करून दे, मंग धरते अंगठे."

मीही हसले. मग पेन शोधायच्या निमित्तानं आत गेले आणि तिथंच उभ्या उभ्या कागदावर तीन फुल्या मारल्या. तिची पाठ वाकली होती हे मला काय कागदानं सांगायला हवं होतं? पण तोवर आम्ही सगळे त्याला वात म्हणत होतो. आईलाही वात होता. वस्तीतल्या चाळिशी उलटलेल्या प्रत्येक बाईला वात होता.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात. गावाच्या एका अंगाला आमची वस्ती, मधे विहार, विहारासमोर हातपंप. हा हातपंप आला तेव्हा आक्का रांगत होती आणि माझा जन्म व्हायचा होता, पण त्या दिवसाची गोष्ट मी आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की मीच तिथं होते असं वाटतं. त्याआधी पाण्यासाठी ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीवर जावं लागे. विहिरीला हात लावायचा नाही. खाली घागरी मांडून बसायचं आणि वरची कुणी बाई ओतेल तेव्हा धरायचं. कधी लगेच ओतायची, कधी ऊन डोक्यावर येईस्तोवर नाही. मग एक दिवस बोअर पाडायची गाडी आली. दिवसभर घरघर चालली, पांढरा चिखल उडाला आणि पाणी लागलं. आईनं पहिली घागर घरी आणली आणि त्यातलं ओंजळभर पाणी स्वतःच्याच डोक्यावर ओतून घेतलं. वस्तीत गूळ वाटला. आई म्हणायची, त्या दिवसापासून कुणाच्या तोंडाकडं बघायचं काम राहिलं नाही.

तेच पाणी आम्ही वाढलो ते पीत. आई लवकर गेली. मी तेव्हा तिसरीत होते. आक्कानं शाळा आधीच सोडलेली होती, आता घरही तिच्यावर पडलं. पहाटे उठून ती हातपंप हापसायची. सात-आठ घागरी. एक घागर केवळ माझ्यासाठी, कारण मला शाळेत जायच्या आधी अंघोळ लागायची. दहावीनंतर तिनं मला हिंगोलीच्या वसतिगृहात धाडलं. एसटीत बसवून देताना म्हणाली, "इथं पुन्ना राहायला येऊ नको. भेटायला ये." त्यामुळं माझी हाडं वाचली. दात वाचले नाहीत. ते लहानपणीच बिघडतात, हिरडीच्या आत असतानाच. माझ्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. कॉलेजात एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तंबाखू खाणं मुलीच्या जातीला शोभत नाही. तेव्हापासून हसताना तोंडावर हात जातो तो आजही जातो.

आक्काचं लग्न जवळा बाजारकडच्या एका घरात झालं होतं. बघायला आलेल्यांना दात दिसू नयेत म्हणून तिला तोंड मिटून बसायला सांगितलं होतं. पण दातांनी काही बिघडलं नाही, कंबरेनं बिघडलं. चार-पाच वर्षांतच तिला निंदायला खाली बसता येईना. बसली तर उठता येईना. सासरच्यांनी भांडण केलं नाही, मारहाण केली नाही. "बरं वाटंपातुर माहेरी राहा" म्हणून पोचवून गेले. बरं वाटायचं राहूनच गेलं. वडील होते तोवर ती त्यांचं करत राहिली, मग एकटीच त्या घरात राहिली.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पाण्यातले दूषित घटक काढणाऱ्या पदार्थांवर संशोधन सुरू केलं. विषय मी निवडला नव्हता, सरांकडं तोच मोकळा होता. सुरुवातीचं वर्षभर आम्ही शुद्ध पाण्यात मोजून फ्लोराइड घालायचो आणि ते परत काढायचो. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीहून येताना मी सहज म्हणून आमच्या हातपंपाचं पाणी बाटलीत भरून आणलं. मीटरचं टोक त्यात बुडवलं. आकडा वर वर जात राहिला. मला वाटलं मीटर बिघडलं. मी ते धुतलं, पुसलं, पुन्हा लावलं. मागं सर येऊन उभे राहिले होते.

"एवढं? कुठलं पाणी आहे हे?"

"आमच्या घरचं, सर."

सर जवळचं स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. चांगला माणूस. म्हणाले, "मग आता आपण शुद्ध पाण्यावर नको काम करायला."

तिथून पुढची काही वर्षं मी त्या एका पाण्यासाठी घालवली. नॅनोकंपोझिट हा शब्द ऐकायला मोठा आहे. करायचं असतं ते असं: एखाद्या स्वस्त, सच्छिद्र पदार्थाच्या अंगावर दुसऱ्या पदार्थाचे इतके बारीक कण बसवायचे की चिमूटभर मालाला शेतभर पृष्ठभाग मिळावा. फ्लोराइड त्या पृष्ठभागाला चिकटतं आणि पाणी पुढं जातं. बारीक कण नुसतेच पाण्यात टाकले तर वाहून जातात, म्हणून त्यांना धरून ठेवणारं काहीतरी लागतं. मी हळदीच्या वाळल्या पाल्याचा कोळसा वापरून बघायचं ठरवलं. आमच्याकडं हळद काढली की पाला बांधावर पडून असतो, तो फुकट मिळतो. त्या कोळशावर ॲल्युमिनियम आणि लोखंडाच्या ऑक्साइडचे कण बसवायचे आणि त्याचे गोळे वळायचे. मिऱ्यांएवढे, काळसर तांबडे.

पाला आक्का पाठवायची. स्वतःला वाकता येत नसल्यामुळं वस्तीतल्या बायकांच्या मागं लागून गोळा करून घ्यायची, पोती शिवायची आणि सेनगावला जाणाऱ्या जीपवर टाकून द्यायची. एकदा मी गोळे कागदाच्या पुडीत घेऊन तिला दाखवायला गेले. तिनं दोन गोळे तळहातावर घेतले.

"मह्या पाल्याचे हे?"

"व्हय."

"अन् हे पाण्यातलं वाईट तेवढं धरतेत?"

"धरतेत. भरले की सोड्याच्या पाण्यानं धुवायचे. धुतले की पुन्ना धरतेत."

ती बराच वेळ गोळे फिरवत बसली. मग म्हणाली, "माणसाला नसतं का येत असं धुता?"

मी हसण्यावारी नेलं. पण ती हसत नव्हती. "न्हाई, म्हंजे मी इचारून राहिले. चांगलं पाणी पेत गेलं, तं आतलं निघून जाईल हळूहळू? गुडघे सरळ व्हतेल?"

मला उत्तर माहीत होतं. हाडात जे गेलं ते गेलं. दुखणं थोडं उतरेल, पुढं बिघडायचं थांबेल, पण आवळलेला मणका सुटत नाही. हे मी तोवर शेकडो पानांत वाचलं होतं.

"बघू ना, आक्का," मी म्हणाले. "आधी पाणी तर सुरू होऊ दे."

वस्तीत फिल्टर बसवायची परवानगी मिळाली तेव्हा विहारात बैठक घेतली. स्टीलच्या दोन उंच नळकांड्या, वर टाकी, खाली तोट्या, असा तो फिल्टर होता. त्याला कुणाची ना नव्हती. अडचण वेगळीच आली. नियमाप्रमाणं हातपंपाला तांबडा रंग द्यायचा होता, म्हणजे हे पाणी पिऊ नये अशी खूण. आईच्या वयाची एक म्हातारी उठून उभी राहिली.

"त्या पंपाला तांबडं फासू नका. इतकी वर्सं त्यानंच पाजलं."

मी समजावू लागले. फ्लोराइड काय असतं, दात कसे जातात, मणका कसा आवळतो. आणि ओघात एक गोष्ट बोलून गेले, जी बोलायला नको होती. मी ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीचंही पाणी तपासलं होतं. विहीर आता पडीक आहे, कुणीच पीत नाही. पण तिच्या पाण्यात फ्लोराइड नव्हतं. ते वरवरच्या झऱ्याचं, आमचं खोल खडकातलं.

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. ज्या पाण्यासाठी आमच्या आया तासन्‌तास उन्हात बसल्या ते चांगलं होतं, आणि ज्यासाठी गूळ वाटला ते असं निघालं.

तेव्हा आक्का भिंतीला धरून उभी राहिली. "त्या हिरीचं पाणी गोड व्हतं हे आमाला काय आज कळलं का? आईनं सांगितलंच व्हतं. पर ते मागून प्यावं लागायचं. हे आपलं व्हतं. आपलं व्हतं म्हणून पेलो, त्यात आपली चूक न्हाई." जरा थांबून म्हणाली, "आता मही बहीण म्हणून राहिली की यानं लेकरायचे दात जातेत, तं तांबडा द्या. त्यात काय."

रंग देताना ती म्हातारी तिथं थांबली नाही. पण आम्ही दिला.

फिल्टरची राखण आक्कावर आली. तिला मी पाणी तपासायची रीत शिकवली. काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचं आणि त्यात बाटलीतल्या औषधाचे ठरावीक थेंब टाकायचे. गुलाबी राहिलं तर पाणी चांगलं, पिवळं पडलं तर गोळे भरले. हळदीच्या मुलखात पिवळ्याला वाईट म्हणायला तिला पहिल्यांदा जड गेलं. रोज सकाळी मी कॉलेजात शिकवायला निघायच्या वेळी तिचा फोन यायचा.

"गुलाबी हाय."

एवढंच. कधी जोडीला आणखी काही. "गुलाबी हाय, अन् अंगणवाडीतल्या बाईला पोरगी झाली." फोन आला की माझा दिवस सुरू व्हायचा.

प्रयोगशाळेत गोळे जितके दिवस टिकले होते त्याच्या निम्मेही गावात टिकले नाहीत. आमच्या पाण्यात खार फार. फ्लोराइडच्या आधी तोच जागा अडवून बसायचा. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, "पिवळं पडून राहिलं गं." आवाजात अशी भीती की जणू तिच्याच हातून सांडलं होतं. मी जाऊन गोळे धुतले, परत भरले, पुढच्या वेळी कोळसा वेगळ्या तऱ्हेनं केला. थोडं सुधारलं. पण पाणी सगळ्यांना पुरेल इतकं कधीच झालं नाही. मग बायकांनीच ठरवलं: आधी अंगणवाडीची लेकरं, मग गरोदर बाया, मग उरेल ते पाळीपाळीनं. राखण करते म्हणून आक्काला रोजची एक कळशी.

असं दीड वर्ष गेलं. दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस तिच्याकडं राहायला गेले. दुपारी आतल्या खोलीत लाडवांचा डबा शोधत होते तेव्हा दाराच्या बाजूला भिंतीवर कोळशाच्या आडव्या रेघा दिसल्या. साधारण माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. एकीला लागून एक, कितीतरी.

"आक्का, या कशाच्या रेघा?"

ती चुलीपाशी उंच पाटावर बसून भाकरी करत होती. "मह्या हायत. महिना भरला की भिताडाला टेकून उभी राहते अन् डोक्याच्या बराबर रेघ मारते. सरळ व्हायला लागले की समजंल ना."

मी रेघांकडं पाहत राहिले. कुठली आधीची, कुठली नंतरची, हे काळेपणावरून कळत होतं. सगळ्यांत ताजी, ठळक रेघ सगळ्यांत खाली होती.

"शेवटची जरा खाली गेली," ती मागून म्हणाली. "मव्हा हात हालला असंल."

माझ्यानं पुढं राहवलं नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"आक्का, ते पाणी औषध न्हाई गं."

"म्हंजे?"

"म्हंजे नव्या लेकरांना वाचवतं. ज्यांच्या हाडात अजून गेलं न्हाई त्यांना. तुह्या हाडात जे गेलं ते आता न्हाई निघत. तुही पाठ सरळ न्हाई व्हायची."

तव्यावरची भाकरी फुगली होती. तिनं ती उलटली, शेकली, टोपल्यात टाकली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू तं बघू म्हणली व्हतीस."

"व्हय."

"मंग काय बघितलं?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तुला तव्हाच ठाऊक व्हतं का?"

"व्हय."

"मंग तव्हाच काहून न्हाई सांगितलं?"

"धीर झाला न्हाई, आक्का."

हे खरं होतं, पण अर्धंच. मला तिचा पाला हवा होता. विहारात माझ्या बाजूनं बोलणारं माणूस हवं होतं. रोज सकाळी न चुकता थेंब टाकणारं कुणीतरी हवं होतं. आशा असलेलं माणूस जितकं मनापासून काम करतं तितकं दुसरं कुणी करत नाही, हे मी तेव्हा शब्दांत मांडलं नसेल, पण मला कळत होतं. हे मी तिला सांगितलं नाही. आज इथं लिहिते आहे.

तिनं दुसरी भाकरी थापायला घेतली. थापता थापता म्हणाली, "तं मंग दीड वर्स मी लेकरायच्या वाटचं पाणी पेऊन राहिले व्हते."

"असं नसतं, आक्का. तुही तकलीफ तरी कमी व्हती त्यानं. पुढं बिघडत न्हाई."

"पुढं बिघडायला आता काय राहिलं मह्यात?"

ती रडली नाही. संध्याकाळी नेहमीप्रमाणं तोट्या पुसून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब टाकले, लेकरांच्या कळश्या भरून दिल्या, आणि आपली कळशी शेजारच्या घरातल्या गरोदर सुनेच्या दारात नेऊन ठेवली. मग स्वतःची दुसरी कळशी घेऊन तांबड्या हातपंपाकडं गेली. मी आडवी आले, भांडले, तिच्या हातातून कळशी घेतली. तिनं ती शांतपणे परत घेतली.

नंतर मी फोनवर रोज विचारायची. "तू कुठलं पाणी पितीस?"

"गुलाबी हाय," ती म्हणायची.

"ते न्हाई. तू कुठलं पितीस?"

"पेते गं, तेच पेते."

खरं काय ते मला अंगणवाडीच्या सेविकाबाईंकडून कळलं. त्यांनीच सांगितलं की आक्का आता रेघाही मारत नाही. भिंतीला पोतेरा देऊन टाकला.

पुढच्या उन्हाळ्यात ती अंगणात पडली. पाय कशाला अडखळला नाही, कुणाचा धक्का नाही. बाजेवरून उठली आणि खुब्याचं हाड गेलं. हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला एक्स-रे उजेडावर धरून दाखवला. मी हाडांचे फोटो पुस्तकांत पुष्कळ पाहिले होते. हा त्यांहून पांढरा होता. मणक्यांच्या मधे जी काळी फट दिसायला हवी ती नव्हतीच. सगळं एकजीव झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "दिसायला भरीव आहे, पण खडूसारखं झालंय. स्क्रू बसवू, पण धरेल असं मी सांगू शकत नाही." तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुम्ही नात्यातल्या का? हे कशामुळं होतं माहिती आहे का तुम्हाला?"

"माहिती आहे," मी म्हणाले.

आक्कानं ऑपरेशनला नकार दिला. "जे धरत न्हाई ते काहून ठोकायचं? घरी ने मला."

मी रजा काढून तिच्याजवळ राहिले. तिला अंघोळ घालताना, कूस बदलताना मला पहिल्यांदा तिचं अंग इतक्या जवळून कळलं. लहानपणी तिनं मला धुतलं होतं, तेव्हा ती मऊ होती. आता कुठंही हात लावला की लाकूड लागायचं. ती कण्हायची नाही. उलट मला सेनगावच्या बाजाराची, सासरच्या म्हशीची गंमत सांगायची. एकदा मी तिच्या पायाला तेल लावत असताना म्हणाली, "तू खोटं बोललीस त्याचा मला राग न्हाई. दीड वर्स मी सकाळी उठायची ते खुशीनं उठायची. पर खरं सांगितलंस त्याचा बी राग न्हाई. तू त्या दोन्हीचं घेऊन बसू नको."

मी ते घेऊन बसलेच आहे.

तिच्यासाठी मी फिल्टरचं पाणी भरून ठेवत होते. आता ते ती नाकारू शकत नव्हती, कारण पाजणारी मीच होते. ती दोन घोट घ्यायची आणि तोंड फिरवायची. जेवण तर सुटलंच होतं. एका दुपारी मी फुलपात्र तिच्या ओठाला लावलं तेव्हा तिनं ते बाजूला केलं.

"फिक्कं लागतं गं हे."

"थोडं तरी घे."

"आपल्या हातपंपाचं दे."

तिनं माझा हात धरला. "आता काय करणार हाय ते मला? दे."

मी तांब्या घेतला आणि विहारासमोर गेले. भर उन्हात तिथं कुणी नव्हतं. हातपंपाचा दांडा तापला होता, त्याच्यावरच्या तांबड्या रंगाचे पापुद्रे पदराला लागले. कितीतरी वर्षांनी मी तो हापसत होते. माझ्या आयुष्याची सगळी कमाई त्या पाण्याला दूर ठेवण्यात गेली होती, आणि मी ते तांब्यात भरून, वर झाकण ठेवून, सांडू नये म्हणून हळूहळू चालत घरी आणलं. चमच्यानं पाजलं. पहिला चमचा तोंडात गेल्यावर तिनं डोळे मिटले. "हां," म्हणाली. पूर्ण फुलपात्र प्याली.

त्यानंतर ती आठ दिवस होती. आठही दिवस मी तेच पाणी आणलं. फिल्टरच्या कामाची माझी एक वही आहे, तिच्यात कोणत्या दिवशी कुणी किती पाणी नेलं याची नोंद असते. त्या आठ दिवसांत तिच्या नावापुढं मी काही लिहिलेलं नाही.

ती सकाळी गेली. लेकरांच्या कळश्या भरायची वेळ होती. सेविकाबाईंनी आधी कळश्या भरून दिल्या आणि मग इकडं आल्या. मला ते बरं वाटलं.

आता थेंब टाकायचं काम सेविकाबाई करतात. त्या फोन करत नाहीत, गुलाबी नळीचा फोटो पाठवतात. गावात नळयोजनेचे पाइप आले आहेत. कधी पाणी येतं, कधी येत नाही, म्हणून फिल्टर अजून चालू आहे. पहिली लेकरं आता शाळेत जातात. त्यांचे पक्के दात यायला लागलेत. मी गेले की ती माझ्यापुढं तोंड उघडून उभी राहतात, कारण मी बघते हे त्यांना ठाऊक झालंय. काहींचे पांढरे आहेत, काहींचे नाहीत. फिल्टरआधी किती प्यालं, घरी पाहुण्यारावळ्यांत काय प्यालं, कोण सांगणार.

दर दोन-तीन आठवड्यांनी गोळे धुवायला मी जाते. धुतलेलं पाणी तिथं ओतता येत नाही. गोळ्यांनी जे धरलं ते सगळं त्यात उतरलेलं असतं, मातीत ओतलं तर पुन्हा खालीच जाईल. त्यामुळं मी ते प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून प्रयोगशाळेत नेते आणि तिथं त्यातलं फ्लोराइड गाळासारखं खाली बसवते. परवा सेनगावहून हिंगोलीच्या एसटीत कॅन पायांशी घट्ट धरून बसले होते. कंडक्टरनं वाकून बघितलं.

"काय हाय त्यात, मॅडम?"

"पाणी."

"पाणी? सेनगावचं पाणी हिंगोलीला?" तो हसला. "काहून, तिकडं न्हाई का?"

"हे खराब आहे," मी म्हणाले. "इथं ठेवायचं नाही."

त्यानं खांदे उडवले आणि पुढच्या सीटकडं वळला. रस्त्यात खड्डे फार. मी दोन्ही हातांनी कॅनचं झाकण दाबून धरलं.